चूलबंद आवतन

आमच्या गावात पंगतीचं आवतन दोन तऱ्हेचं असतं. एक घरटी एक. घरातल्या एकानं यायचं, जेवायचं आणि तोंड पुसत परत जायचं. दुसरं चूलबंद. चूलबंद म्हणजे त्या दिवशी घरात चूल पेटवायचीच नाही. म्हातारं, तान्हं, आलेला पाहुणा, दारू पिऊन पडलेला दीर, जो कुणी त्या छपराखाली आहे तो सगळा पंगतीला. आता घरोघरी गॅस आले, पण शब्द तोच राहिला. पूर्वी चुलीचा धूर दिसायचा, आता कुकरची शिट्टी ऐकू येते एवढाच फरक. हरिनाम सप्ताहाच्या शेवटच्या दिवशी अख्ख्या गावात एक शिट्टी वाजत नाही. वाजलीच, तर त्या घराला आवतन नाही हे शेंबड्या पोरालाही कळतं.

हे आवतन द्यायचं काम ग्यानोबामामांचं. आधी ते गुरवाच्या घरात होतं, पण त्यांची पोरं लातूरला शिकायला गेली आणि तिकडचीच झाली. मग मामांनी ते आपणहून उचललं. मामा म्हणजे माझे कुणी नात्यातले नव्हेत. मी लग्न होऊन या गावात आले तेव्हापासून आमची घरं भिंतीला भिंत लावून, म्हणून मामा. माझी पिठाची गिरणी आहे. नवरा लातूरच्या डाळ मिलला जातो, मी इथं गावाचं पीठ दळते आणि गावच्या गोष्टी ऐकते. मला राग लवकर येतो असं गावात म्हणतात. खोटं नाही ते.

मामा कोरडवाहू शेतकरी, अंगानं किडकिडीत, पण आवाज असा की या टोकाला बोलले तर त्या टोकाची म्हैस मान वर करील. आवतन उंबऱ्यासमोर उभं राहून द्यायचं असतं. गावाच्या ग्रुपवर पंचकमिटीचे किशनराव कितीही मेसेज टाकोत, त्याला कुणी आवतन धरत नाही. रीत अशी की घरातल्या थोरल्याचं नाव घेतलं की झालं. मामांनी मात्र स्वतःची एक रीत पाडली. ते घरातल्या प्रत्येकाचं नाव घेतात. सुनेचं घेतात, वेड्या भावाचं घेतात, माळावरच्या वीटभट्टीवर देगलूरकडून आलेली माणसं असतात, त्यांची विचारून घेतात. माझी तनुजा आठ दिवसांची होती. मामा दारात येऊन म्हणाले, "सिंधु, पोरीचं नाव काय ठिवलाव?" मी म्हटलं, बारसं व्हायचंय अजून, पण तनुजा ठरलंय. लगेच मान वर करून गर्जना, "तनुजा! चूलबंद आवतन हाय!" पाळण्यातली पोर दचकून रडायला लागली. माझ्या लेकीला गावानं माणसात घेतलं ते असं.

दुसरी एक रीत जुनीच आहे. आवतन देणारा सगळ्यांच्या शेवटी जेवतो. कुणी परगावी असेल, आजारी असेल, तर घरचे दारातच सांगून मोकळे होतात. पण ज्यांनी हो म्हटलं किंवा ज्यांनी काहीच म्हटलं नाही, त्यांच्यातलं शेवटचं माणूस जेवून उठेपर्यंत त्यानं घास घ्यायचा नाही. मामांची बायको पंचफुलाबाई हसून म्हणायची, "आमच्या ह्यास्नी सप्त्याचा उपास फळतो, खीर हमेशा तळाची मिळती." तळाची खीर जास्त गोड असते हे ती सांगायची नाही.

हे हसणं सुदर्शन होता तोवरचं.

सुदर्शन मामांचा थोरला, बालाजी धाकटा. मामांच्या शेताला लागून गंगम्माचं शेत. गंगम्मा बिदरकडची, लहान वयात विधवा झालेली, आणि तिचा एकुलता एक संगप्पा. दोन शेतांमधला बांध ट्रॅक्टरनं कोरला गेला. कुणी कोरला यावर तकरार झाली. असल्या तकरारी गावात रोज होतात, शिव्या देऊन माणसं घरी जातात. त्या दिवशी संगप्पाच्या हातात फावडं होतं. एकच घाव. सुदर्शनला जीपमध्ये घालून लातूरला नेत होते, तो रेणापूरच्या पुढं वाटेतच गेला. संगप्पा पळाला नाही. पोलिस येईपर्यंत बांधावर बसून होता, आणि फावडं बाजूला धुऊन ठेवलेलं होतं, रोज काम संपल्यावर ठेवतात तसं.

संगप्पा जेलात गेला. घरात गंगम्मा एकटी. पुढच्या सप्ताहाला किशनराव मामांना म्हणाले, "ग्यानोबा, त्या घराकडं जाऊ नका. तुमच्या जिवाला तरास नको." किशनराव पंचकमिटीचे अध्यक्ष, दुसऱ्याच्या जिवाची काळजी वाहून वाहून त्यांचं पोट सुटलंय. मामांनी ते दार टाळलं. मग ते टाळलेलंच राहिलं. गावानं कधी बसून ठरवलं नाही की गंगम्माला वाळीत टाकायचं, पण दळण आणायला ती दुपारी, गिरणी रिकामी असताना यायला लागली. तिचं घर माझ्या गिरणीच्या अगदी समोर. पीठ घेऊन रस्ता ओलांडतानाही पदर तोंडावर ओढायची.

अशी बरीच वर्षं गेली. मग दोन सालांमागे सप्ताहाच्या पंगतीत, सगळं गाव जेवून उठलं होतं आणि मामा एकटे शेवटी बसले होते, तेव्हा शिट्टी वाजली. एकाच माणसाचा भात, एकच शिट्टी. भांडी घासणारी माणसं एकमेकांकडं बघून हसली. मामांचा हात ताटातच थांबला. मी तिथं खिरीची कढई खरवडत होते, मी पाहिलं. त्यांनी तो घास परत पत्रावळीवर ठेवला, पत्रावळ दुमडली आणि उठले. म्हणाले, "एवढी वर्षं मी खोटा जेवलो." मला तेव्हा वाटलं, पुढच्या वर्षी म्हातारीला बोलावतील. बरं होईल, असंही वाटलं.

पण पुढचा सप्ताह बसायच्या आधी संगप्पा सुटून आला.

तो आला त्या दिवसापासून गावाची हवाच फिरली. कुणी काही बोलेना. चावडीसमोरची माणसं तो दिसला की गप्प व्हायची आणि तो गेला तरी गप्पच राहायची. हा चाळिशीचा माणूस म्हाताऱ्यासारखा भिंतीच्या कडेकडेनं चालायचा. मामांच्या दारावरून जायला नको म्हणून ओढ्यातून वळसा घालून शेतात जायचा. आणि आमच्या भिंतीपलीकडं, दिवेलागणीला, बालाजी कुऱ्हाडीला कानस लावायला लागला. खर्र, खर्र. थोडा वेळ थांबायचा, मग परत. लाकडं फोडायची असतील, असं मी नवऱ्याला म्हटलं. तो म्हणाला, "त्यांच्याकडं गॅस हाय." रोज तोच आवाज, रोज तेवढाच वेळ. तनुजा अभ्यास करताना कानात बोटं घालायची.

पंचफुलाबाई त्या आवाजाबद्दल एक अक्षर बोलायची नाही. सुदर्शन गेल्यापासून त्या घरात त्याचं नाव कुणी घेतलं नव्हतं. फोटोसुद्धा नव्हता भिंतीवर, मामांनी तो कपाटात ठेवला होता. बाई पाणी भरायची, भाकरी करायची, आणि कानसेचा आवाज सुरू झाला की उंबऱ्यात येऊन बसायची, बालाजीकडं बघत. ती त्याला अडवत होती की राखण करत होती, मला कधीच कळलं नाही.

आवतनाच्या आदल्या दिवशी किशनराव चार माणसं घेऊन मामांच्या अंगणात आले. दोन अंगणांमधली भिंत कमरेएवढी, मी वाळवण गोळा करत होते. मुद्दामच सावकाश.

"ग्यानोबा, म्हातारीला बोलवायचं म्हणता म्हणं. बोलवा की. घरटी एक सांगा. म्हातारीपुरतं."

"सगळ्या गावाला चूलबंद आणि तिला घरटी एक?"

"मग चूलबंद सांगा, पण त्याला वगळून."

"चूलबंदातून माणूस वजा होत न्हाई, किशनराव. घरात जेवढी हायती तेवढी."

"अहो, तुमच्या पोराला मारलंय त्यानं!"

मामा म्हणाले, "मला सांगायलाव व्हय ते?"

किशनरावांनी आवाज खाली आणला. "बालाजी आमटी वाढतो पंगतीत. गरम बादली असती हातात. काय झालं तर जिम्मा कुणाचा?" बालाजी तिथंच ओट्यावर बसला होता. त्यानं वर पाहिलं नाही. कानस चालूच होती.

ते गेल्यावर मला राहवलं नाही. मी भिंतीवरूनच म्हटलं, "मामा, इतकं मोठं मन आणता कुठून? मला तर तो माणूस दिसला की चीड येती."

मामा माझ्यावरच चिडले. "कसलं मोठं मन? मी त्याला माफ केलं न्हाई. तो दिसला की मी तोंड फिरवतो. पण माणूस हाय का न्हाई तो? हाय. मग नाव घ्यावं लागतं. मला आवडला म्हणून मी कुणाचं नाव घेतलं व्हतं आजवर?"

दुसऱ्या दिवशी मी गिरणीत असताना ते समोरच्या दारात उभे राहिले. रस्त्यावरची माणसं जागच्या जागी थांबली. मी पट्टा बंद केला. मामांनी खाकरून घसा साफ केला आणि मग हाक दिली.

"गंगम्मा! संगप्पा! चूलबंद आवतन हाय!"

गंगम्मा धावत बाहेर आली, दोन्ही हात हलवत. "बेडा, अण्णा, बेडा!" तिच्या माहेरच्या बोलीत नको, नको. ती मामांच्या पायाशी बसली. "आम्ही घरातच शिजवून खातो. तुमी जावा. तुमच्या घरात अजून एक पोर हाय." दाराच्या फटीत संगप्पा उभा होता. त्याचा चेहरा मला दिसला. नाव घेतल्यावर माणूस इतका घाबरतो, हे मी कधी पाहिलं नव्हतं.

मामा म्हणाले, "तुमी आल्याबिगर मी जेवणार न्हाई," आणि पुढच्या घराकडं वळले. हे काही त्यांनी दम दिला नव्हता, रीतच ती. पण त्या संध्याकाळी गावात प्रत्येकाच्या तोंडी एकच, उद्या पंगतीत काय होणार. काही बायकांनी पोरांना उद्या नेणार नाही म्हणून सांगितलं. भिंतीपलीकडं कानस मात्र त्या दिवशी वाजली नाही. आणि तेच मला जास्त वाईट वाटलं. धार लावून झाली होती.

सप्ताहाचा शेवटचा दिवस. काल्याचं कीर्तन झालं, मारुतीच्या देवळापुढं पंगती बसल्या. ऊन असं की सावलीची पट्टी धरून माणसं सरकत होती. पहिली पंगत उठली, दुसरी उठली. तिसरी बसत होती तेव्हा गंगम्मा आणि संगप्पा आले. एवढा गलका चालला होता, तो थांबला. फक्त लाऊडस्पीकरवरचा अभंग चालू राहिला, आणि कुणीतरी जाऊन तोही बंद केला. ते दोघं टोकाला बसले तशी शेजारची माणसं आपापल्या पत्रावळी उचलून लांब सरकली. मधल्या रिकाम्या जागेत मामा जाऊन उभे राहिले.

वाढपी आले. भात वाढणाऱ्यानं हात लांब करून भात टाकला. खीर वाढणाऱ्यानंही. मग बालाजी आमटीची बादली घेऊन निघाला. बादलीतून वाफ येत होती. तो एकेका पत्रावळीसमोर वाकत होता, वगराळं बुडवत होता, वाढत होता, पुढं सरकत होता, रोजच्यासारखा. पण माणसं खायची थांबली होती. किशनराव खांबाआड गेले. संगप्पानं मान खाली घातली आणि दोन्ही हात मांडीवर ठेवले. तो हलला नाही, हात आड धरला नाही. जणू तो बादलीचीच वाट बघत होता. गंगम्मानं डोळे मिटले.

बालाजी त्याच्यासमोर येऊन उभा राहिला. वगराळं बादलीत बुडालं आणि तिथंच राहिलं. त्याच्या मनगटाची शीर तटतटलेली मला दिसत होती. मामा बाजूलाच होते. ते मधे आले नाहीत, पोराचा हात धरला नाही. नुसतं म्हणाले, "बाळू, ताट कोरडं हाय."

मग बालाजीनं बादली खाली ठेवली. सावकाश, थेंबही न सांडता. बापाकडं पाहिलं आणि म्हणाला, "तुमी वाढा. तुमचा पाहुणा हाय." आणि देवळामागून घराकडं निघून गेला.

मामांनी वगराळं उचललं आणि संगप्पाच्या भातावर आमटी घातली. निम्मी पत्रावळीबाहेर गेली. संगप्पा जेवला. त्याला जेवणं म्हणायचं असेल तर. एकेक घास ढकलत होता आणि डोळ्यांतून पाणी भातात पडत होतं. गाव श्वास सोडून परत बोलायला लागलं. टळली एकदाची, असं कुणीतरी म्हणालं. मामा रिकामी पत्रावळ घेऊन शेवटच्या जागेवर बसले, आणि तेव्हाच शिट्टी वाजली.

सगळ्यांनी गंगम्माकडं पाहिलं. ती तर इथंच बसली होती. दुसरी शिट्टी वाजली. मला दिशा कळली. शिट्टी आमच्या आळीतून येत होती. मामांच्या घरातून.

मामा उठले. हातातली पत्रावळ तशीच घेऊन घरी निघाले. मी मागून गेले, माझंही घर तिकडंच. अंगणात ओट्यावर बालाजी बसलेला, कुऱ्हाड मांडीवर आडवी. दाराच्या आत गॅससमोर पंचफुलाबाई पाटावर, बाहेर पाठ करून.

"पंगतीला न्हाई आलीस?" मामा म्हणाले.

"मला कुठं आवतन आलंय?"

"आपल्याच घराला आवतन?"

"साऱ्या गावाच्या दारात उभं राहिलाव. माझं लेकरू मारणाराच्या दारात उभं राहिलाव. ह्या दारात कधी आलाव व्हय? मला कुणी इचारलं का, की बाई, तुला काय वाटतंय?" ती वळली नाही. आवाजही चढला नाही. "म्हन्ताव ना, चूलबंदातून माणूस वजा होत न्हाई. मग ह्या घरात कोण कोण हाय त्याचं नाव घ्या. समद्यांचं."

मामा समजले. मीही समजले. उन्हात उभे असलेले मामा एकदम वाकल्यासारखे दिसले. उंबऱ्यासमोर जाऊन ते नीट उभे राहिले, दुसऱ्यांच्या दारात राहतात तसे.

"पंचफुलाबाई," ते म्हणाले. मान वर केली. मग, सगळ्या गावाला जाईल अशा आवाजात, "सुदर्शन!"

ती हाक देवळापर्यंत गेली. तिथं बसलेली माणसं सांगतात की संगप्पा ते नाव ऐकून ताटावरून उठला आणि मारुतीच्या पायरीवर डोकं टेकून बसला.

आत गॅसचं बटण बंद केल्याचा आवाज झाला. पंचफुलाबाई पदरानं तोंड पुसत बाहेर आली, नवऱ्याच्या हातातली पत्रावळ घेतली आणि देवळाकडं चालू लागली. तिथं गंगम्माच्या समोर बसली. मी खीर वाढली तेव्हा मलाही रडू आवरेना, मग मी आवरलंही नाही.

पण मामांनी तिसरं नावही घेतलं होतं. "बालाजी! चूलबंद आवतन हाय!" बालाजीनं मान वर केली नाही. नाहीही म्हणाला नाही. कानस उचलली आणि कुऱ्हाडीच्या पात्यावर ठेवली. खर्र, खर्र. मामा दिवस मावळेपर्यंत देवळापुढं बसले, समोर दुसरी रिकामी पत्रावळ. मग ती दुमडून खिशात घालून घरी आले.

त्याला आता वर्ष होतंय. संगप्पा अजून ओढ्यातूनच जातो. बालाजीची कुऱ्हाड अजून ओट्यावर असते, वर्षभरात तिनं एकही लाकूड फोडलेलं मी पाहिलं नाही. तरी दिवेलागणीला आवाज येतोच. मधे दोन लग्नं झाली, एक बारसं झालं, सगळ्यांचं चूलबंद मामांनीच दिलं. प्रत्येक वेळी शेवटी स्वतःच्या दारात उभं राहून तीन नावं घेतली, आणि प्रत्येक वेळी उपाशी परत आले. बालाजी पंगतीला येत नाही. मी एकदा म्हटलं, मामा, तुम्ही वाईच खाऊन घ्या, कोण बघतंय? तर म्हणाले, "त्याला न घेता जेवलो, तर संगप्पाला कशाला बोलावलं म्हन?"

उद्या यंदाच्या सप्ताहाचा काला. आज सकाळी मामा गावभर फिरले, गंगम्माच्या दारात दोन नावं घेतली, आणि शेवटी आपल्या दारात आले. मी भिंतीशी उभी होते. पंचफुलाबाई, सुदर्शन, बालाजी. बालाजी ओट्यावर होता. हाक ऐकून तो उठला, कुऱ्हाड घेतली आणि बापाच्या अंगावरून रस्त्यावर गेला. देवळाकडं, उद्याच्या पंगतीची लाकडं पडलीत तिकडं गेला, की ओढ्याकडं, ते वळणामुळं मला दिसलं नाही. मामा त्याच्यामागं गेले नाहीत. उंबऱ्याशी तसेच उभे राहून त्यांनी त्याचं नाव परत एकदा घेतलं, आणि मग परत.